अक्का, पेव रिकामंच आहे

अक्का, तुम्ही फार शांत स्वभावाच्या होतात म्हणे. भेटायला येणारा प्रत्येक जण ओट्यावर बसतो, पाण्याचा पेला हातात घेतो आणि हेच सांगतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी कुणाला दुखावलं नाही, देवमाणूस. मी मान हलवते. आतून मात्र असा संताप येतो की पेला काढून घ्यावा आणि सांगावं, घरी जा, तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी दारी बसायला आला आहात.

तुम्ही शांत? भर ग्रामसभेत उठून मठाच्या कमिटीला "तुम्ही साधूंची उपासमार चोरताय" असं तोंडावर सुनावणारी बाई शांत? माझ्याशी तर तुम्ही माझ्या हळदीच्या दिवसापासून भांडलात. माझं माहेर पहूर, त्यामुळे माझी बोली तुम्हाला हसण्यासारखी वाटायची, आणि मी पहिल्यांदा तुमच्या अहिराणीची नक्कल केली तेव्हा तुम्ही दोन दिवस फुगून बसलात. सख्खी नणंद असूनही तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. शेवटपर्यंत मी "पहूरवाली"च राहिले. आता कुणी तसं म्हणणार नाही, हे आज सकाळी भाकरी थापताना लक्षात आलं आणि तवा तसाच करपला.

अजून तुमचं दहावं व्हायचंय आणि लोकांनी तुमच्यावर शेंदूर थापायला सुरुवातही केली. त्याचा थर जाड होण्याआधी मला लिहून टाकू द्या. दुपारची वेळ आहे, तुमचा भाऊ क्रियेला बसल्यामुळे पुढच्या खोलीत चटईवर पडलाय, आणि ज्या कात्रीने तुम्ही कोड्यांच्या चिठ्ठ्या कापत होतात ती अजून खिडकीत आहे. चिठ्ठी कापता कापता मान टाकलीत. मला हाकही मारली नाहीत. याचं भांडण मी कुणाशी करायचं?

तर खजिन्याचा खेळ. शिंदखेड्याच्या पोस्टातून निवृत्त होऊन तुम्ही गावी परतलात, त्या उन्हाळ्यात भाचरं कंटाळली म्हणून तुम्ही त्यांना मठात धाडलंत. कोडं सोडवा, पुढची चिठ्ठी शोधा. तापीकाठचा एवढा जुना मठ. आम्ही सगळे त्याला नारळ फोडण्यापुरते ओळखत होतो. तुम्ही मात्र त्याच्या एकेका दगडाची चौकशी करत फिरायचात. मठाची हकीकत तुमची आणि कोडी माझी, अशी आपली वाटणी. पुढे चोपड्याहून लोक यायला लागले, मग जळगावहून, धुळ्याहून. यात्रेच्या दिवशी सकाळी चार-पाच जणांचे गट दारात उभे राहायचे आणि तुम्ही पदर खोचून पहिली चिठ्ठी वाटायचात.

माझं एक कोडं तुम्हाला फार आवडायचं, पण तसं कबूल करणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मठातला सर्वांत मोठा माणूस मठातल्या सर्वांत खालच्या जागी बसतो, ती जागा शोधा. लोक जिने चढून गच्चीवर धावायचे, गादी बघायचे, समाधीभोवती फिरायचे. उत्तर होतं स्वयंपाकघराची शेवटची पायरी. सगळ्यांचं जेवण झाल्यावर महंत तिथे बसून उरलंसुरलं खायचे. कुणाला उत्तर सापडलं की तुम्ही लांबून बघून गालातल्या गालात हसायचात आणि मला म्हणायचात, फार सोपं झालं हे.

आणि शेवटचं कोडं. तोंड एवढंसं, पोट भलं मोठं. वर्षातून एकदा खातं, वर्षभर जेवू घालतं. जुन्या लोकांना चटकन सुटायचं, पोरांना घाम फुटायचा. पेव. मठाच्या मागच्या अंगणातलं, जमिनीखालचं धान्याचं कोठार. रशीदभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात करून घेतलेल्या लोखंडी शिडीने खाली उतरायचं. खाली काय? काही नाही. शेणामातीने लिंपलेल्या गोल भिंती आणि गारवा. तोच खजिना.

याची गोष्ट तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलीत ती मी नवी नवरी असताना. यात्रेच्या पंगतीला बसलो होतो. पत्रावळी मांडून झाल्या, आणि वाढपी बादल्या खाली ठेवून हात जोडून उभे राहिले. सगळं गाव रिकाम्या पत्रावळीसमोर गप्प. मला वाटलं, स्वयंपाक कमी पडला. मी तुमच्या कानात तसं पुटपुटले आणि तुम्ही मला असा चिमटा काढलात की हिरवा डाग पडला. मग महंतांनी "वाढा" म्हटलं आणि वरण आलं. घरी येताना तुम्ही सांगितलंत. मोठ्या दुष्काळात मठाने आपली पेवं एकेक करून उघडली. शेवटचं पेव साधूंच्या पोटाचं आणि पेरणीच्या बियाण्याचं होतं. पुरणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तरी उघडलं. ते सरलं. मग साधू झोळ्या घेऊन सातपुड्याकडे निघून गेले आणि त्यांतले बरेच परत आलेच नाहीत. म्हणून आजही वाढण्याआधी गाव क्षणभर रिकाम्या पानावर बसतं.

आपलं सर्वांत मोठं भांडण याच पेवावरून. माझं म्हणणं, लोक पेट्रोल जाळून येतात, उन्हात धावतात, आणि शेवटी त्यांना भोक दाखवायचं? निदान डिंकाच्या लाडवांचा डबा तरी ठेवू. तुम्ही म्हणालात, मग लोक लाडू घेऊन जातील आणि पेव विसरतील. मी म्हटलं, तुम्हाला माणसांची पारखच नाही. एका वर्षी मी गुपचूप डबा ठेवून आले. तुम्ही माझ्याआधी उतरलात, डबा वर आणलात, आणि मठाच्या गच्चीवर बसून निम्मे लाडू संपवलेत. वर मला सांगितलंत, गूळ कमी पडलाय. अक्का, मी अजूनही म्हणते, लाडू हवेत. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेतली असं समजू नका.

आणि ती टिकावाची गंमत. एकदा जाहिरातीत मी हौसेने लिहिलं, मठाने जमिनीखाली ठेवलेला खजिना शोधा. आपल्याकडे जमिनीखाली म्हटलं की माणसाला एकच गोष्ट सुचते. सकाळी जाऊन बघतो तो समाधीच्या मागे गुडघाभर खड्डा, बाजूला कापलेली लिंबं, हळदकुंकू, आणि घाईत विसरलेला कोरा टिकाव. पोलीस पाटील तक्रार लिहायला निघाले होते. तुम्ही तो टिकाव मठाच्या दाराला टांगलात आणि खाली लिहिलंत, ज्याचा असेल त्याने घेऊन जावा, चहा मिळेल, खजिनाही दाखवला जाईल. मी म्हटलं, कोण येणार? पण टिकाव नवा होता, सोडवेना, दोघे आले. तुम्ही खरंच चहा पाजलात आणि त्यांना पेवात उतरवलंत. ते तोंड पाडून वर आले. त्यातला एक पुढच्या वर्षी गट घेऊन खेळायला आला होता, आठवतं? शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याने आपल्याच गटाला सांगितलं नाही, हे विशेष.

हे हसण्यावारी जाणारं होतं. वसंतभाऊंचं तसं नव्हतं.

वसंतभाऊ तुमचे मामेभाऊ, केळीचे मोठे व्यापारी आणि मठाच्या कमिटीचे अध्यक्ष. वाईट माणूस नाही. मठाची पडकी भिंत त्यांनी स्वतःहून बांधून दिली. पण त्यांना वाटतं, मठात गर्दी यायची तर चमत्कार हवा. त्यांनी गोष्टच बदलली. महंतांनी पेवाच्या तोंडावर आपली कफनी अंथरली आणि पेव कितीही काढलं तरी भरतच राहिलं. अक्षय पेव. त्यांना ते काठोकाठ ज्वारीने भरायचं होतं, वर जाळीचं झाकण, आत दिवा, शेजारी दानपेटी. आणि आपल्या खेळाचं शेवटचं कोडं त्याप्रमाणे बदलून हवं होतं. ग्रामसभेत तुम्ही उठलात तेव्हा रागाने तुमची शहरी मराठी पार गळून पडली होती.

"ज्यानं सरतच नही, त्यानी दिधं ते काय दिधं? त्यासनं सरनं, भाऊ. सरनं तरी त्यासनी दिधं."

त्यांचं सरलं, सरलं तरी त्यांनी दिलं, हे तुम्ही भर सभेत सांगितलंत. वसंतभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, अक्का, लोकांना रिकामं बघायला आवडत नाही. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. मी जिवंत असेपर्यंत पेव भरू देणार नाही.

त्यांनी ते मनावर घेतलं, अक्का. अगदी शब्दशः. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी ते भेटायला आले, डोळे पुसले, खरेच पुसले, आणि मला सांगितलं की आता यात्रेला पेव भरायचं ठरलंय. तुमच्या स्मरणार्थ. तुमच्या नावाची संगमरवरी पाटी बसवणार. ज्वारी त्यांच्या स्वतःच्या शेतातली. ज्या बाईने जन्मभर त्या खड्ड्याचं रिकामपण राखलं, तिच्याच नावाने तो बुजवायचा, आणि आपण हात जोडून आभार मानायचे. पुढे ते म्हणाले, तुमच्या घराला सुतक आहे वहिनी, त्यामुळे यंदा खेळही राहू द्या. मठात तुम्हाला पाऊल टाकता येणार नाही, आणि प्रसादाच्या धान्याला सुतकाचा हात लागून चालत नाही. नियम आहे.

मी म्हटलं, हो, नियम आहे. आणि त्यांना चहा न विचारता दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंचा चोपड्याहून फोन आला. तुमची बातमी त्यांना कळली होती, आवाज बसला होता. मग म्हणाले, "माले पेवनं झाकण कराले सांगेल शे, वहिनी. शिडी बी काढी लेवानी शे. तुम्हले मालूम शे का?" मी म्हटलं, मालूम आहे, आणि शिडी काढून कुठे ठेवणार आहात ते सांगा. ते म्हणाले, माझ्याच दुकानात. मी म्हटलं, मग यात्रेच्या सकाळी ती परत घेऊन या. त्यांनी का, म्हणून विचारलं नाही.

मग मी तुमच्या भावासमोर जाऊन बसले. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा, चेहरा तुमच्यासारखाच. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, लोक काय म्हणतील, असं ऐकावं लागेल, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो बराच वेळ चटईची काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "मला उंबरा ओलांडता येत नाही. तुला येतो."

बहुतेक चिठ्ठ्या तुम्ही कापून ठेवल्या होत्या, थोड्या उरल्या होत्या त्या मी कापल्या. यात्रेच्या सकाळी रशीदभाईंनी त्यांची मालवाहू रिक्षा मठाच्या मागच्या दाराशी लावली आणि शिडी पेवात सोडली. मठाचे लोक समोरच्या अंगणात मांडवाच्या गडबडीत होते. वसंतभाऊंचा ट्रॅक्टर ज्वारीच्या पोत्यांसकट वळणावर येताना दिसत होता. मी पदर खोचला आणि उतरले. सुतकातली बाई, न्हाऊन शुद्ध न झालेली, तुमच्या चितेच्या धुराचा वास अजून केसांत असलेली, मठाच्या पेवाच्या तळाशी जाऊन मांडी घालून बसले. तळाला हात लावला, भिंतीला हात लावला, जिथे जिथे हात पोचला तिथे तिथे लावला.

वसंतभाऊ वरून डोकावले तेव्हा त्यांचा चेहरा काळा ठिपका दिसत होता. म्हणाले, वहिनी, तुम्हाला सुतक आहे.

"म्हणूनच उतरले," मी म्हटलं. "आता भरा प्रसादाची ज्वारी."

वर गलका झाला. कुणी म्हणालं गोमूत्र शिंपडा, कुणी म्हणालं बाईला वर काढा, पण मला हात लावायला कुणी तयार होईना, कारण यात्रेच्या दिवशी सुतक अंगावर कोण घेणार? मग महंतांना बोलावलं. म्हातारे झालेत, काठी टेकत आले. तुमच्याशी त्यांचं फारसं बोलणं नसायचं, निदान मी कधी पाहिलं नव्हतं. वाकून माझ्याकडे बघितलं. वसंतभाऊंनी सगळं सांगितलं. महंत म्हणाले, सुतक फिटून जागा शुद्ध होईपर्यंत इथे दाणा पडणार नाही, नियम म्हणजे नियम. वसंतभाऊंनी विचारलं, आणि खेळ? महंत म्हणाले, "खेळाला कसलं सुतक? लोक लांबून आलेत."

तेव्हा कळलं, अक्का, की तुमच्या बाजूने मठात आणखी एक माणूस होता. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून मला सांगितलं नसेल, तर त्याचाही हिशेब राहिला.

पुढच्या चिठ्ठ्या रशीदभाईंनी मी सांगितलेल्या जागी ठेवल्या आणि पहिल्या दारात वाटल्या. गटांची धावपळ वरून ऐकू यायची, जिन्यावर पावलं वाजायची, कुणीतरी गच्चीवरून ओरडून सांगायचं, इथे काही नाही. माझ्याकडे बराच वेळ होता. तुम्ही गेल्यापासून घर माणसांनी इतकं भरलंय की मला धड रडताही आलं नव्हतं. पेवात रडले. मोठ्याने रडले, कारण तिथला आवाज मागच्या अंगणापलीकडे जात नाही. तुम्हाला शिव्याही दिल्या. पहूरच्या बोलीत दिल्या, तुम्हाला हसायला येईल अशा. हाक न मारता का गेलात? भांडण अर्धं टाकून का गेलात? माझ्या आईनंतर माझ्यावर एवढ्या हक्काने रागावणारं कुणी नव्हतं, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, पहूरवाली, कांदा चिरतेस का? मला तुमची आठवण येते. खूप येते. त्यात कसलं शहाणपण नाही.

आणि एक सांगायचंय. "मी जिवंत असेपर्यंत" म्हणालात, तिथे चुकलात तुम्ही. आम्ही जिवंत असेपर्यंत, असं म्हणायला हवं होतं. मग वसंतभाऊंना एवढी घाई झाली नसती. सुतक तर आता फिटेलच, ज्वारीची पोती त्यांच्या शेडमध्ये तशीच आहेत, आणि त्यांना वाटतंय बाईचं दुःख ओसरलं की बाई घरी बसेल. बसणार नाही. पुढची ग्रामसभा आहे, तिथे मी उठेन, आणि तुमच्यासारखी अहिराणी मला येत नाही तर माझ्या पहूरच्या भाषेत बोलेन. नंतर काय करायचं ते नंतर बघू. तुमच्या नावाची पाटी मात्र मी लागू देणार नाही. कुणाला तुमची आठवण ठेवायची असेल त्याने पेवात उतरावं.

पेवापर्यंत सगळ्यांत आधी पोचला तो धुळ्याच्या बायकांचा गट. भिशीच्या मैत्रिणी, सगळ्यांनी सारखे ड्रेस घातलेले, धापा टाकत होत्या. एक जण शिडीवरून उतरली. पन्नाशीची असेल, गुडघा धरून उतरली. मला बघून दचकली, मग खेळातलीच कुणी समजून हसली आणि विचारलं, खजिना कुठे ठेवलाय? मी म्हटलं, हाच. तिने मोबाइलचा उजेड भिंतीवर फिरवला, तळावर फिरवला, माझ्या पाठीमागेही बघितलं. मला वाटलं, आता रागावणार. लाडवांचा डबा असता तर तो हातात देता आला असता, असंही मनात येऊन गेलं. मग मी तिला सांगितलं, तुम्ही सांगायचात तेवढंच. हे शेवटचं होतं. त्यांनी हेही वाटून टाकलं.

मग तिने मोबाइल बंद केला आणि विचारलं, "मग साधूंनी काय खाल्लं?"

अक्का, काठोकाठ भरलेल्या पेवापाशी हे कुणी विचारलं नसतं. मी म्हटलं, ते कुणालाच ठाऊक नाही. ती खाली बसली, माझ्याजवळ, त्या सुतकाच्या जागेवर. वर तिच्या मैत्रिणी पेवाच्या तोंडाशी वाकून विचारत होत्या, काय मिळालं, अगं काय मिळालं, दाखव ना.

ती मान वर न करता म्हणाली, "वरून दिसत नाही. खाली या."